जगातला सगळ्यात जुना क्लब नॉन-लीगमध्ये का? शेफील्ड एफसीबद्दल माहिती हवी

उंचपास:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. मी इतकी वर्षं समजत होतो की सगळ्यात जुना फुटबॉल क्लब म्हणजे नॉट्स काउंटी, १८६२ चा. परवा एकाने सांगितलं की नाही, शेफील्ड एफसी, १८५७. मला वाटलं शेफील्ड युनायटेड किंवा शेफील्ड वेन्सडे या मोठ्या क्लबांचंच जुनं नाव असेल, तर तेही नाही, हा तिसराच क्लब आहे आणि नॉन-लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनच्या खाली, खेळतो. ज्यांनी सगळ्यांच्या आधी सुरुवात केली ते एवढे मागे कसे पडले? पैसे संपले, मधे बंद पडला, की अजून काही?

जुनापाना:
बंद वगैरे नाही हो पडला. आधी सुरुवात सांगतो, कारण ती समजली की पुढचंही समजतं. नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट हे दोघं शेफील्डचे क्रिकेट खेळणारे, हिवाळ्यात काय करायचं म्हणून २४ ऑक्टोबर १८५७ ला क्लब काढला. पहिलं ऑफिस म्हणजे ईस्ट बँक रोडवरचं एक ग्रीनहाऊस, झाडं वाढवायचं काचेचं घर, आणि शेजारचं शेत हेच मैदान. आता क्लब तर काढला पण खेळणार कोणाशी, दुसरा क्लबच नाही! मग आपापसातच टीम पाडायचे, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे असल्या मॅचेस.
१८५८ मध्ये त्यांनी स्वतःचे नियम लिहिले. त्यातला एक नियम मला फार आवडतो, प्रत्येक खेळाडूने एक लाल आणि एक गडद निळी फ्लॅनेलची टोपी स्वतःची आणायची, एका बाजूने लाल घालायची आणि दुसऱ्या बाजूने निळी. म्हणजे जर्सी नाही, टोपीवरून आपला कोण ते ओळखायचं, आणि कोणत्या बाजूला जाल ते माहीत नाही म्हणून दोन्ही जवळ ठेवायच्या. ऑफसाइड सुरुवातीला नव्हताच, त्यामुळे एखादा माणूस सरळ समोरच्या गोलपाशी जाऊन उभा राहिला तरी चालायचं. पुढे शेफील्डमध्ये बरेच क्लब हेच नियम पाळायला लागले, कॉर्नर किक तिथूनच लंडनच्या एफएकडे, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेकडे, गेली, आणि १८७७ मध्ये दोन्हीकडचे नियम एक झाले.

मिडफिल्ड_७:
वरच्यांनी सुरुवात छान सांगितली, मूळ प्रश्नाचं उत्तर मी देतो. सगळा फरक १८८५ ने पडला. त्या वर्षी एफएने खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी दिली आणि शेफील्ड एफसीने ठरवलं की आपण हौशीच राहायचं. बाकीचे क्लब चांगले खेळाडू पगारावर घ्यायला लागले, मग ॲस्टन व्हिला, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, नॉट्स काउंटी यांच्याकडून यांनी सडकून मार खाल्ला. शहरातलं पब्लिकही हळूहळू वेन्सडेकडे आणि १८८९ नंतर युनायटेडकडे गेलं. तर यांनी काय केलं, फक्त हौशी क्लबांसाठी वेगळा कप काढा असं एफएला सुचवलं. १८९३ मध्ये एफए ॲमॅच्युअर कप सुरू झाला आणि १९०४ ला यांनी तो जिंकलासुद्धा, फायनल ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेडवर, ईलिंगला ३-१ हरवून. त्यानंतर मोठं म्हणावं असं एकदाच जवळ आले, १९७७ ची एफए व्हाजची, म्हणजे छोट्या नॉन-लीग क्लबांच्या कपची, फायनल, वेम्ब्लीला बिलेरिकेशी १-१ आणि मग रीप्लेत २-१ ने गेली. त्यामुळे "मागे पडले" हा शब्द मला पटत नाही. दुसरे ज्या रस्त्याने गेले त्या रस्त्याला हे गेलेच नाहीत.

उंचपास:
वा, हे माहीतच नव्हतं. पण मग स्वतःचं ग्राउंड, स्टेडियम?

दोनअक्का:
मी शिकायला शेफील्डमध्ये होते तेव्हा दोन-तीनदा मॅचला गेले आहे म्हणून लिहिते. क्लबला स्वतःचं ग्राउंड मिळायला २००१ उजाडलं, त्याआधी भाड्याने या मैदानातून त्या मैदानात. आणि जे मिळालं ते शेफील्डमध्ये नाहीच, ड्रॉनफील्डला आहे, म्हणजे डर्बीशरमध्ये. कोच अँड हॉर्सेस नावाचा पब आणि त्याला लागूनच मैदान. रेलिंगला टेकून उभं राहिलं की डिफेंडर एकमेकांना काय ओरडतात ते शब्दन् शब्द ऐकू येतं, चेंडू टॅकलमध्ये अडकला की तो आवाज छातीत बसतो. माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते, हाफटाइमला स्वतःहून बोलायला लागले आणि पंधरा मिनिटं फक्त हॅलमबद्दल बोलत होते.
हॅलम म्हणजे १८६० चा क्लब, जगातला दुसरा. २६ डिसेंबर १८६० ला या दोघांची सँडीगेटवर मॅच झाली, सोळा-सोळा खेळाडू, शेफील्ड २-० ने जिंकलं, दोन क्लबांमधली पहिली मॅच तीच धरतात. हॅलम आजही त्याच सँडीगेटवर खेळतं, उतार असलेलं मैदान आहे. १८६२ ला शेफील्डच्याच ब्रॅमॉल लेन मैदानावर लँकशरच्या गिरणी कामगारांच्या मदतीसाठी दोघांची मॅच ठेवली तर तिथे चक्क मारामारी झाली, खुद्द क्रेसविक त्यात होता. मदतीची मॅच आणि मारामारी, इतकं मनापासून खेळायचे.

जुनापाना:
@दोनअक्का मस्त लिहिलंत. एक सल मात्र माझ्या मनात आहे. २०११ मध्ये क्लबने त्या जुन्या नियमांची हस्तलिखित प्रत आणि बाकी कागद सॉदबीजच्या लिलावात विकले, ८,८१,२५० पाउंड आले. ज्या कागदामुळे क्लब क्लब आहे तोच विकायचा?

मिडफिल्ड_७:
मला त्यात चूक वाटत नाही. २००४ ला फिफाने ऑर्डर ऑफ मेरिट दिला, क्लबांमध्ये तो फक्त रिअल माद्रिद आणि यांना, २००७ ला दीडशे वर्षं झाली तेव्हा इंटर मिलान ब्रॅमॉल लेनवर येऊन खेळून गेले, पेले आले होते. मान सगळा मिळाला पण मानाने क्लबचा खर्च भागत नाही ना. कागद कपाटात ठेवून क्लब चालवता आला नसता तर काय उपयोग.

दोनअक्का:
दोघांचंही पटतंय मला. पण त्या आजोबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते कागद राहू दे, आधी हॅलमला हरवा. @उंचपास कधी गेलात तिकडे तर डिसेंबरात जा, थंडी सोसायची तयारी ठेवा, आणि सँडीगेटला पण नक्की जाऊन या, तो उतार डोळ्यांनी बघायला हवा.