मदत हवी आहे: लाइट गेल्यावर सर्व्हरवर मेलेली कनेक्शनं साचतात, कीपअलाइव्ह (शांत कनेक्शनचं दुसरं टोक जिवंत आहे का हे मधूनमधून तपासणारी टीसीपीची सोय) सरसकट चालू ठेवावं का?

धोटा:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, ४८ माग. प्रत्येक मागावरचा काउंटर वायफायवरून सर्व्हरशी एकच टीसीपी कनेक्शन धरून ठेवतो आणि टॉवेल उतरला की एक ओळ पाठवतो. सर्व्हर उबुंटूवर, प्रोग्राम पायथनचा. लाइट गेली की काउंटर बंद, सर्व्हर मात्र यूपीएसवर चालूच. लाइट आल्यावर काउंटर नव्याने जोडतात, पण जुनी ४८ कनेक्शनं 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे जोडलेलीच दिसतात. काही दिवसांनी 'टू मेनी ओपन फाइल्स' येतं आणि नोंदी थांबतात. सिसकंट्रोलमध्ये (लिनक्सच्या सेटिंगमध्ये) टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम ७२०० चं १२० केलं, काही फरक नाही. काय चुकतंय?

सातरस्ता:
मालक, त्या आकड्याने कीपअलाइव्ह चालू होत नाही. ज्या सॉकेटने (कनेक्शनचं प्रोग्रामच्या हातातलं टोक) एसओ_कीपअलाइव्ह मागितलंय त्यालाच तो लागू होतो, आणि पायथन ते आपणहून मागत नाही. पोस्टग्रेस, एसएसएच हे सर्व्हर मागतात, म्हणून तिकडे हा त्रास कमी दिसतो.

ॲक्सेप्ट झाल्या झाल्या त्या सॉकेटवर सेटसॉकऑप्टने चार गोष्टी लावा: एसओ_कीपअलाइव्ह १, टीसीपी_कीपआयडल १२०, टीसीपी_कीपइंटर्वल (TCP_KEEPINTVL) २०, टीसीपी_कीपकाउंट (TCP_KEEPCNT) ४. म्हणजे १२० सेकंद शांतता, मग २०-२० सेकंदांनी चार हाका (तपासणीची छोटी पाकिटं), २०० सेकंदांत निकाल. लिनक्सचे मूळ आकडे ७२००, ७५ आणि ९ आहेत. त्यात एक मेलेलं कनेक्शन कळायला २ तास ११ मिनिटं जातात. तेवढ्यात लाइट आणखी दोनदा जाऊन येईल.

काउंटर परत चालू झाला असेल तर पहिल्याच हाकेला तो 'रीसेट' पाठवतो, कारण जुनं कनेक्शन त्याच्या गावीही नसतं. ते लगेच सुटतं.

आता खरी मेख. कीपअलाइव्हने कनेक्शन मेलं की रिसीव्हमध्ये एरर येते. ती पकडून सॉकेट क्लोज केलं नाही तर डिस्क्रिप्टर (प्रत्येक उघड्या फाइलला किंवा सॉकेटला मिळणारा क्रमांक) गळतच राहतात. उघड्या फाइल्सची मर्यादा १०२४ असेल तर ४८ च्या हिशोबाने एकवीस वेळा लाइट गेली की संपलं. मर्यादा वाढवून फक्त दिवस ढकलले जातात.

तपासायला एसएस कमांड टी, एन, ओ पर्यायांनी चालवा. ओळीच्या शेवटी 'टाइमर: कीपअलाइव्ह' दिसलं पाहिजे.

ताणाबाणा:
सरसकट चालू ठेवण्याला माझा विरोध आहे. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्येही (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ते मुळात बंदच असावं असं म्हटलंय: मधला राउटर चार मिनिटं बसला तर चांगलं कनेक्शन उगाच तुटतं.

सातरस्ता:
मुद्दा बरोबर, पण इथे काउंटर आपणहून परत जोडतो, त्यामुळे तुटल्याचं नुकसान नगण्य. न तुटल्याने अख्खी पाळी नोंदीविना जाते. सर्व्हरवर चालूच असावं असं माझं ठाम मत आहे. खर्चही बघा: पूर्ण शांत कनेक्शनला दिवसाला ७२० हाका, उत्तरं धरून पाऊणशे केबीच्या आसपास.

धोटा:
लावलं, टाइमर दिसतोय. पण पाळी बदलताना सर्व्हर काउंटरला वेळ पाठवतो. नेमकी तेव्हा लाइट गेली तर ती कनेक्शनं पंधरा-वीस मिनिटं सुटत नाहीत.

सातरस्ता:
पाठवलेल्या डेटाची पोच यायची बाकी असेल तर कीपअलाइव्ह गप्प बसतं, तिथे रीट्रान्समिशन, म्हणजे तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवणं, चालतं. असं किती वेळा करायचं ते ठरवणारं टीसीपी_रीट्राइज२ मूळचं १५ असतं, म्हणून तेवढा वेळ. त्याच सॉकेटवर टीसीपी_यूजर_टाइमआउट २००००० लावा, हे मिलिसेकंदांत असतं. आणि काउंटरचा प्रोग्राम अडकला पण वायफाय जिवंत राहिलं, तर हाकेला उत्तर येतच राहील. त्यासाठी काउंटरने दर मिनिटाला स्वतःची एक ओळ पाठवायला हवी. तीन ओळी चुकल्या की सर्व्हरने सॉकेट बंद करायचं.