अटॅक ऑन टायटनचा शेवट: परीक्षण कसं लिहावं?

गोदाकाठ: नाशिकच्या वाचनकट्ट्यासाठी 'द लास्ट अटॅक'चं, म्हणजे 'अटॅक ऑन टायटन' या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या शेवटाच्या चित्रपटाचं परीक्षण लिहितोय. मूळ मंगाच्या (जपानी चित्रकथेच्या) नेमक्या कुठल्या भागाशी तुलना करू?

पंचवटीकर: खंड 33 आणि 34, म्हणजे प्रकरण 131 ते 139. आधी एक स्पष्ट लिहा: हा नवा चित्रपट नाही. 2023च्या मार्च आणि नोव्हेंबरमधले मालिकेचे दोन विशेष भाग जोडून केलेला आहे. मालिकेचे आधीचे 87 भाग न पाहता थिएटरात गेलेल्याला काही कळणार नाही.
खरा मजकूर नायक एरेन आणि त्याचा बालमित्र आर्मिन यांच्या शेवटच्या संवादात आहे. मंगात आर्मिन, एरेनने बाहेरच्या जगाच्या केलेल्या नरसंहाराबद्दल, त्याचे चक्क आभार मानतो आणि तिथेच बरेच वाचक दुखावले. पडद्यावर आर्मिन त्या पापातला आपला वाटा उचलतो, बाहेरच्या जगाचं पुस्तक मीच तुला दाखवलं म्हणतो. माझ्या मते हा बदल मूळापेक्षा सरस आहे. परीक्षणाचा निम्मा भाग यालाच द्या.

देवळालीवाला: तुलनेसाठी शेवटचं प्रकरण छापलेला मासिकाचा मे 2021चा अंक घेऊ नका, खंड 34च घ्या. त्यात 8 पानं वाढवली आहेत, एरेनच्या मायभूमीचा, पॅराडिस बेटाचा पुढचा विध्वंस तिथेच आहे. चित्रपटात तो श्रेयनामावलीवर येतो, म्हणून लोक उठून जातात आणि अर्थ चुकतो.

पंचवटीकर: बरोबर. आणि टायटन राक्षसांच्या पायांखाली चिरडल्या जाणाऱ्या रामझी या मुलाचा प्रसंग विसरू नका. कागदावर आवाज नसतो, इथे पावलांचा आवाज अंगावर येतो. शेवट फोडणारा मजकूर मात्र इशारा देऊन तिसऱ्या परिच्छेदानंतरच टाका.