फेब्रुवारीअखेर रिकाम्या होणाऱ्या कुंड्यांत काय लावावे? (खर्च १५०० रुपयांच्या आत)

पश्चिम_गॅलरी: पुण्यात पश्चिमेकडे उघडणाऱ्या गॅलरीत माझ्या चार मोठ्या कुंड्या आहेत. हिवाळाभर मेथी, पालक, कोथिंबीर पुरली. आता ऊन तापू लागताच मेथी फुलली आहे आणि कोथिंबिरीनेही दांडा धरला आहे. होळीनंतरही घरचे काहीतरी ताटात पडावे, यासाठी काय लावावे?

हिरवा_हट्ट: भेंडीच लावा, आणि तीही परभणी क्रांती. मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या या वाणावर शिरा पिवळ्या पाडणारा रोग तुलनेने कमी येतो. बी रात्रभर भिजवून थेट कुंडीतच टोचावे, कारण भेंडीच्या सोटमुळाला रोप उपटून दुसरीकडे लावलेले सोसत नाही. दीडएक महिन्यात तोडणी सुरू होते. मात्र आधी ठिबकचा स्वयंचलित संच बसवून घ्या. माझा साडेसहा हजारांचा आहे आणि आम्ही गावी गेलो तरी एक पान सुकत नाही.

मातीशी_नाते: ताईंनी खर्चाची मर्यादा शीर्षकातच लिहिली आहे, हे संचवाल्यांनी कृपया वाचावे. माझ्या मते जुन्याच मातीत शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळली की पुरे. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, नादी लागू नका.

हिरवा_हट्ट: कोकोपीट ओल धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तेच हवे असते.

मातीशी_नाते: ओल धरते, पण पोसत नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली माझ्या शेजाऱ्यांची वांगी गुडघ्याएवढीही वाढली नाहीत आणि दोष मात्र बियाणेवाल्याला मिळाला.

संत्रानगरी: आमच्या नागपूरच्या मानाने पुण्याचे ऊन म्हणजे चांदणेच, तरीही पश्चिमेची भिंत दुपारनंतर भट्टीसारखी तापते, म्हणून हिरवी जाळी लावल्याशिवाय काहीही पेरू नये. बाकी भेंडी उत्तम.

आजीची_फोडणी: फुललेली मेथी आज उपटू नका. पाने कडवट झाली असली, तरी कोवळे शेंडे खुडून तुरीच्या वरणात लसणाच्या फोडणीवर घातले की तो कडूपणा चवीलाच येतो. बाजारातला मटारही आता संपत आला आहे. तो सोलून उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवावा, लगेच गार पाण्यात काढावा, फडक्यावर पूर्ण कोरडा करावा आणि मगच फ्रीझरमध्ये टाकावा; ओला राहिला तर त्याचा एकच गोळा होतो.

नवी_कुदळ: भेंडीच लावा, असे मीही सुचवतो. बी मात्र रात्रभर भिजवावे.

पश्चिम_गॅलरी: सर्वांचे आभार. मटार आजच सोलायला घेतला आहे. भेंडी मात्र लावत नाही, कारण आमच्या घरी ती कोणी खात नाही. कोथिंबीर रोज लागते. म्हणून दांडा धरलेल्या कुंडीतले धणे वाळू देणार आहे, ते हलके रगडून दोन फाका करणार आहे आणि सकाळचेच ऊन येणाऱ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पेरणार आहे. गॅलरीतल्या उरलेल्या कुंड्यांत तांदुळजा टाकेन. बियाण्याचे एक पाकीट आणि जाळी एवढाच खर्च दिसतो.

संत्रानगरी: उन्हाळ्यात कोथिंबीर? लगेच फुलावर येईल, पाहा.

हिरवा_हट्ट: पैसे उरलेच आहेत, तर ठिबकचा विचार करावा.