ठाण्याहून आइंडहोवन: रुजू व्हायची तारीख, कागद आणि कर. सल्ला हवा

ढोकाळी_नाका (४ ऑगस्ट २०२५)
नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या कंपनीची ऑफर आली आहे, पाच वर्षांचा बेत. कंपनी रुजू व्हायला सप्टेंबरचा तिसरा आठवडा किंवा ३ नोव्हेंबर, दोन्हीला तयार आहे. नवरा नोकरी सोडून आश्रित म्हणून सोबत येणार, मुलगी सहा वर्षांची. ढोकाळीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. दिवाळी इथे करून जावं असं घरच्यांचं म्हणणं. करात फरक पडतो का? कागद कोणते आधी धरू?

हिशेबनीस
फरक पडतो, आणि चांगलाच. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचा त्या आर्थिक वर्षातला इथला मुक्काम १८२ दिवसांहून कमी असेल, तर तो आयकरात अनिवासी. १ एप्रिलपासून मोजा: २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात, २९ला १८२. निघण्याचा दिवस भारतातलाच धरून चाला. रात्री बाराच्या आसपासचं विमान असेल तर इमिग्रेशनचा शिक्का कोणत्या तारखेचा पडतो ते बघा. तिकिटावरची तारीख कामाची नाही. एप्रिलनंतर परदेशवारी झाली असेल तर तेवढी सवलत मिळेल.

नोव्हेंबरला गेलात तर मार्चपर्यंतचा डच पगारही भारतातल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. तिकडे भरलेल्या कराची वजावट फॉर्म ६७ भरून मिळते, म्हणजे दोनदा कर नाही, पण डोकेदुखी आहे: डच वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळे पगारपत्रकं महिनावार जुळवावी लागतात. शिवाय परदेशी मालमत्तेचा तक्ता, म्हणजे शेड्यूल एफए. दिवाळीचा फराळ पार्सलने जातो.

वाशी_व्हेल्डहोवन
सप्टेंबर धरायचा तर कागदांना आजच हात घाला. 'हायली स्किल्ड मायग्रंट', म्हणजे कुशल नोकरदाराच्या परवान्याचा अर्ज कंपनीच करते, पण ती डच इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे आयएनडीकडे, मान्यताप्राप्त प्रायोजक असायला हवी. आयएनडीच्या संकेतस्थळावर यादी आहे, नाव स्वतः तपासा. २०२५ची पगाराची अट: तिशीच्या आत महिना ४,१७१ युरो, तिशीपुढे ५,६८८, तोही ८ टक्के सुट्टीभत्ता सोडून. मंजुरीनंतर पासपोर्टवर एमव्हीव्हीचा, म्हणजे प्रवेश व्हिसाचा, स्टिकर लागतो, तो ९० दिवस चालतो. कुटुंबाचे अर्ज तुमच्यासोबतच टाकायला सांगा.

अडतं ते जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांवर. दोन्हींवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालेल असं प्रमाणीकरण, लागतं: आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि मंत्रालयाचं काम नेमलेल्या एजन्सीमार्फतच होतं. नेहमीच्या तीन त्रुटी:
जुन्या जन्मदाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी असते. ज्या पालिकेत जन्माची नोंद आहे तिथे नाव घालून नवा दाखला घ्या.
फक्त मराठीतला दाखला तिथली नगरपालिका घेत नाही. मराठी-इंग्रजी प्रत मागा.
लग्नानंतर मधलं नाव बदललं आणि पासपोर्टवर माहेरचंच राहिलं, तर तिन्ही कागदांवर तीन बायका दिसतात! पासपोर्ट बदलायचा तर वागळे इस्टेटच्या केंद्रात तारीख कधीची मिळते ते आधी बघा. वेळ नसेल तर निदान विवाहाच्या दाखल्यावरचं लग्नाआधीचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा.

पोचल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणीची वेळ मागायची. तिथूनच नागरिक क्रमांक, मग बँक.

आणि ३० टक्के सवलत विसरू नका. पगारातला ३० टक्क्यांपर्यंतचा भाग कंपनी करमुक्त देऊ शकते. २०२७पासून तो २७ टक्के. मुदत पाच वर्षं, २०२५साठी करपात्र पगार ४६,६६० युरोच्या वर हवा. अर्ज कंपनी आणि तुम्ही मिळून, रुजू झाल्यापासून चार महिन्यांत. उशीर झाला तर गेलेले महिने परत मिळत नाहीत. करारावर सही इथे ठाण्यात असतानाच करा; तिकडे राहायला जाऊन सही केली तर 'परदेशातून आणलेला कर्मचारी' हीच अट मोडते.

ढोकाळी_नाका
आभार! म्हणजे सप्टेंबर. नवराही २८च्या आत निघाला की तोही अनिवासी ना?

हिशेबनीस
नाही ताई, इथेच बरेच जण फसतात. १८२ची सवलत नोकरीसाठी जाणाऱ्याला. आश्रित व्हिसावर जाणाऱ्याला साधा नियम: त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असला, की निवासी. म्हणजे यंदा ते निवासीच. तिकडचं उत्पन्न नसेल तर कर वाढत नाही, पण तुम्ही डच बँकेत जोडखातं उघडलंत आणि त्यांचं नाव ३१ डिसेंबरपूर्वी त्यात असेल, तर त्यांना शेड्यूल एफए भरावं लागेल, म्हणजे आयटीआर-१ हा सोपा फॉर्म चालणार नाही. १ ऑक्टोबर २०२४पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला ती न दाखवल्याचा दहा लाखांचा दंड लागत नाही, तरी रकाना भरायचाच. सोपा उपाय: पहिलं खातं एकटीच्या नावाने, त्यांचं नाव जानेवारीत.

पामबीच_कट्टा
फ्लॅटबद्दल. मालक अनिवासी झाला की भाडेकरूने प्रत्येक महिन्याच्या भाड्यातून ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापायचा. भाडं दहा हजार असो की साठ. त्यासाठी भाडेकरूला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, लागतो, आणि टॅन म्हटलं की निम्मे पळतात. कंपनी लीज मिळाली तर उत्तम, त्यांच्याकडे टॅन असतोच. जास्त कापलेलं विवरणपत्र भरून परत मिळतं. करारनाम्यात टीडीएसचं कलम स्पष्ट लिहा.

सही कोण करणार? आईवडील किंवा भावाच्या नावाने मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून मगच निघा. तिकडून पाठवलेलं मुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. सोसायटीला कळवा, मालक राहत नाही म्हणून लागणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

गावदेवी_मैदान
बचत खातं आहे तसंच ठेवा हो, कोण विचारतंय.

हिशेबनीस
असले सल्ले देऊ नका. फेमात, म्हणजे परकीय चलन कायद्यात, निवासीपण १८२ दिवसांवर थांबत नाही, नोकरीसाठी निघालात त्या दिवसापासून बदलतं. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथल्या उत्पन्नाचं खातं, करून घ्या. भाडं त्यातच येईल. पगारातून पाठवाल ते एनआरईत, तिथलं व्याज करमुक्त. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहतं, पुढे वाढवता येत नाही. एसआयपी असतील तर फंडांचं केवायसीही बदला.

वाशी_व्हेल्डहोवन
यावरून डच 'बॉक्स ३', म्हणजे बचत-गुंतवणुकीवरचा कर. आधी ३० टक्केवाल्यांना परदेशी गुंतवणूक दाखवण्यातून सूट घेता यायची. नव्याने येणाऱ्यांना २०२५पासून ती नाही. १ जानेवारीची किंमत धरतात, भारतातले फंड आणि एफडी धरून. २०२५ची सूट माणशी ५७,६८४ युरो. त्यावर ५०,००० युरोचे फंड असतील तर ५.८८ टक्क्यांनी २,९४० युरो उत्पन्न मानतात आणि त्यावर ३६ टक्के, म्हणजे साधारण १,०५८ युरो. खरा परतावा कमी असेल तर तो सिद्ध करता येतो, म्हणून १ जानेवारी आणि ३१ डिसेंबरची विवरणं जपा. ढोकाळीचा फ्लॅटही दाखवायचा, पण दुहेरी कराच्या करारामुळे त्यावर सूट मिळते.

जाता जाता: वाहन परवाना मूळ प्रतीत न्या आणि मुदत बघा. ३० टक्के सवलत मिळालेल्यांना, आणि घरच्यांनाही, तो परीक्षा न देता डच परवान्यात बदलून मिळतो.

ढोकाळी_नाका
नवऱ्याचा परवाना डिसेंबरात संपतोय. उद्याच आरटीओचा अर्ज भरते.