नोकरीचा प्रस्ताव नसताना संशोधक म्हणून अमेरिकेसाठी स्वतःचा अर्ज : तयारी कशी करावी?

कोरडवाहू (सोलापूर) :
नमस्कार. मी वनस्पती रोगशास्त्रात पीएच.डी. केली असून, रब्बी ज्वारीवरील खडखड्या रोग आणि पाण्याचा ताण यांच्या परस्परसंबंधावर सोलापुरात संशोधन करतो. अमेरिकेतील कोणत्याही संस्थेने मला नोकरी देऊ केलेली नाही. तरीही ईबी-२ प्रवर्गातील (उच्च पदवीधरांसाठीच्या, नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या प्रवर्गातील) राष्ट्रीय हित सवलतीखाली, म्हणजे एनआयडब्ल्यूखाली, आय-१४० हा स्थलांतराचा अर्ज स्वतःच दाखल करता येतो असे समजले. माझे बहुतेक शोधनिबंध सहलेखकांसोबतचे आहेत, उद्धरणे बेताची आहेत आणि नाव घेण्यासारखा पुरस्कार नाही. सोलापूरच्या ज्वारीवरील कामाचे महत्त्व तेथील स्थलांतर अधिकाऱ्याला कसे पटवावे, शिफारसपत्रे कोणाची घ्यावीत आणि ईबी-१ए चा (असामान्य क्षमतेच्या व्यक्तींसाठीच्या प्रवर्गाचा) विचार करावा का, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

भुईकोट :
तुमचा पहिला प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो. ‘धनासर’ या स्थलांतर अपील प्रकरणातील २०१६ च्या निर्णयापासून या सवलतीसाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नियोजित कार्याला भरीव मूल्य आणि राष्ट्रीय महत्त्व आहे, ते कार्य पुढे नेण्यास अर्जदार सक्षम स्थितीत आहे, आणि नोकरीचा प्रस्ताव व श्रम प्रमाणपत्र (त्या कामासाठी अमेरिकी कामगार उपलब्ध नाही असा श्रम खात्याचा दाखला) यांची अट शिथिल करणे एकंदरीत अमेरिकेच्या हिताचे आहे. बहुतेक संशोधक आपले सर्व बळ दुसऱ्या मुद्द्यावर खर्च करतात आणि अर्जाला स्वतःच्या कारकिर्दीचा गौरवग्रंथ करून टाकतात. अधिकारी मात्र आधी हे विचारतो की अमेरिकेत जाऊन तुम्ही नेमके काय करणार. ‘ज्वारीवर संशोधन करणार’ हे त्याचे उत्तर नव्हे, आणि ‘शेतीला महत्त्व आहे’ हेही नव्हे. महत्त्व विषयाचे नसून तुम्ही हाती घेणार असलेल्या विशिष्ट कामाचे दाखवायचे असते.

तुमची बाजू येथे वाटते तितकी दुबळी नाही. अमेरिका हा जगातील ज्वारीच्या आघाडीच्या उत्पादकांपैकी एक देश असून, कॅन्सस आणि टेक्सास या राज्यांत तिचे मोठे क्षेत्र आहे. त्याच पट्ट्यातील ओगलाला भूजलसाठा उपशामुळे खालावत चालला आहे, त्यामुळे कमी पाण्यावर येणाऱ्या पिकांचा प्रश्न तेथेही जिवंत आहे. खडखड्या रोगाची बुरशी, मॅक्रोफोमिना फॅसिओलिना, तेथील पिकातही आढळते, आणि दाणे भरण्याच्या काळात उष्णता व कोरडेपणा वाढला की तिचे फावते. ही परिस्थिती आपल्या मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. तेव्हा सोलापुरातील अनुभव पुरावा म्हणून मांडावा, पण कार्याचे वर्णन अमेरिकी पिकाच्या, तेथील संशोधन कार्यक्रमांच्या आणि तेथील सरकारी अहवालांच्या आधारे करावे. तेथे ज्वारी मुख्यतः पशुखाद्य, इथेनॉल आणि निर्यात यांसाठी जाते, हेही ध्यानात असू द्यावे. भाकरीचे महत्त्व सांगण्यात पाने घालवू नयेत.

सातरस्ता :
शिफारसपत्रांबाबत माझे मत थोडे कठोर आहे. मार्गदर्शक आणि सहलेखक यांची एकदोन पत्रे अवश्य घ्यावीत, कारण संयुक्त निबंधात प्रयोगाची आखणी कोणी केली आणि विश्लेषण कोणी केले हे तेच खात्रीने सांगू शकतात. मात्र अर्जाला वजन येते ते ज्यांनी तुमच्यासोबत काम केलेले नाही, परंतु तुमची पद्धत किंवा निष्कर्ष वापरले आहेत, अशा व्यक्तींच्या पत्रांनी. त्यासाठी तुमचे निबंध उद्धृत करणारे लेख स्वतः वाचून काढावेत. जेथे केवळ प्रस्तावनेत नामोल्लेख नसून तुमच्या कामाचा प्रत्यक्ष उपयोग झाला आहे, त्या लेखकांना लिहावे आणि ती पाने खुणा करून अर्जाला जोडावीत. उद्धरणे बेताची असतील तर हा मार्ग अधिकच उपयोगी पडतो. सर्व पत्रांत सारखीच वाक्ये आढळली तर अधिकाऱ्याचा त्यांवरील विश्वास उडतो, म्हणून स्तुतीचा तयार मसुदा सर्वांना पाठवू नये.

उजनीकाठ :
ईबी-१ए साठी दहा निकषांपैकी किमान तीन पूर्ण करावे लागतात, आणि त्यानंतरही एकूण पुराव्यावरून अर्जदार आपल्या क्षेत्रातील अगदी वरच्या मोजक्या लोकांपैकी आहे काय, हे स्वतंत्रपणे तपासले जाते. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तो अर्ज आज घाईचा ठरेल.

परंतु रांगेचा विचार आधी करा, कारण मंजुरी आणि ग्रीन कार्ड यांत भारतात जन्मलेल्यांसाठी फार मोठे अंतर असते. ग्रीन कार्डांवरील देशनिहाय मर्यादेमुळे ईबी-२ ची आपली रांग दहा वर्षांहूनही जास्त मागे आहे. ईबी-१ मध्येही रांग आहे, पण तुलनेने लहान. स्वयं-अर्ज दाखल होतो ती तुमची प्राधान्य तारीख, म्हणजे रांगेतील क्रम ठरवणारी तारीख, ठरते, आणि अर्ज मंजूर झाल्यावर ती सर्वसाधारणपणे पुढील ईबी-१ए अर्जालाही लागू करता येते. म्हणून आज एनआयडब्ल्यू करणे मला योग्य वाटते. जादा शुल्क भरून जलद सेवा घेतली तर ४५ कामकाजी दिवसांत कार्यवाही होते, पण रांग एका दिवसानेही कमी होत नाही. तुमच्या परिस्थितीत तो खर्च मी करणार नाही. एप्रिल २०२४ पासून मूळ शुल्क ७१५ डॉलर आहे आणि स्वयं-अर्जदाराला आश्रय कार्यक्रम शुल्क म्हणून ३०० डॉलर वेगळे भरावे लागतात. धाडण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावेत. आणखी एक गोष्ट : आय-१४० दाखल केल्यावर पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसा मागताना स्थलांतराचा हेतू उघड झालेला असतो, आणि त्यामुळे तो व्हिसा नाकारला जाऊ शकतो. परिषदेसाठी जायचे असेल तर याचा विचार आधीच करावा.

कोरडवाहू :
सर्वांचे आभार. कार्याचे वर्णन नव्याने लिहायला घेतो. एक शंका राहिली : माझा महापालिकेचा जन्मदाखला मराठीत आहे आणि बारशापूर्वी नोंद झाल्यामुळे त्यात नावाची जागा कोरी आहे. त्यामुळे आताच अडचण येईल का?

भुईकोट :
आय-१४० च्या टप्प्यावर जन्मदाखला सहसा लागत नाही. तो पुढे, प्राधान्य तारखेची पाळी जवळ आल्यावर, मुंबईच्या वकिलातीतील टप्प्यात लागतो. तरीही महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात नाव घालून घेण्याचे काम आताच सुरू करावे आणि त्यावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. जे कागद मराठीत असतील त्यांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे आणि त्याखाली भाषांतरकाराने आपण दोन्ही भाषा जाणतो व भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असे लिहून सही करावी. नोटरीची आवश्यकता नाही. आत्ता खरी गरज आहे ती पदवी प्रमाणपत्रे, गुणपत्रिका आणि त्यांचे अमेरिकी समतुल्यता मूल्यांकन यांची. त्याबरोबर ईटीए-९०८९ चे (श्रम प्रमाणपत्राच्या अर्जाच्या नमुन्याचे) परिशिष्ट ए आणि अंतिम निर्णयाचा भाग भरून जोडण्यास विसरू नये.