आवर्धनाआधी प्रकाशाचा विचार व्हावा

शिकार आणि लांब पल्ल्याची नेमबाजी या दोन्हींसाठी ६ ते २४ पट आवर्धनाची, ५० मिमी व्यासाच्या पुढच्या भिंगाची एकच स्कोप (बंदुकीवर बसवायची दुर्बीण) पुरेल, असे काहींनी सुचवले आहे. कागदी लक्ष्यासाठी ते मला मान्य आहे, शिकारीसाठी मात्र नाही. भिंगाच्या व्यासाला आवर्धनाने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. २४ पटींवर ती जेमतेम २ मिमी उरते, तर संधिप्रकाशात डोळ्याची बाहुली ५ ते ७ मिमीपर्यंत विस्फारलेली असते, त्यामुळे जनावरे बाहेर पडण्याच्या नेमक्या वेळी चित्र काळवंडते. ६ पटींवर उजेड भरपूर मिळतो, पण दाट झाडीत जवळून जाणारे जनावर शोधायला तेवढे दृष्टिक्षेत्र अपुरे पडते. घाईत चुकीच्या जागी गोळी लागून जनावर जखमी होणे याहून वाईट काही नाही, म्हणून शिकारीसाठी २ किंवा ३ पटींपासून सुरू होणारी स्कोपच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

लांब पल्ल्यासाठी टरेटची, म्हणजे नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या स्कोपवरील चकतीची, अचूकता आधी तपासावी. ०.१ मिलिरेडियनची (मिलिरेडियन हे कोनाचे छोटे माप) एक क्लिक, म्हणजे चकतीचा एक टप्पा, १०० मीटरवर १ सेंमी, तर १००० मीटरवर १० सेंमी फरक पाडते. पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमखूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणे) जुळवण्याची सोयही हवीच.