मृग नक्षत्राचं 'वे' अक्षर, शेवट 'ई'चा हवा : कोणतं नाव ठेवावं, कोणतं खोडावं?

धरमपेठवाला
मृग, पहिला चरण, म्हणून 'वे'. गुरुजी वे-वै एकच धरतात. मोठीचं नाव भैरवी, त्यामुळे धाकटीचंही ईकारान्तच असावं असं घरात ठरलंय. यादी : वैभवी, वैष्णवी, वेदांती, वैखरी, वैदेही. माझं नाव 'ई'पासून, आडनाव 'व'पासून. बारसं पुढच्या आठवड्यात. कारणासकट खोडा.

संत्राबर्फी
वैभवी आधी काढा. भैरवी आणि वैभवी दोन्हींत स्वर ऐ-अ-ई, अक्षरं तीन, शेवट 'वी'. लांबून हाक मारताना पहिलं व्यंजन हवेत विरतं आणि माणूस शेवटचा स्वर ताणतो. खाली पोचतं ते फक्त 'ऐ…अवीऽऽ'. दोघी येतील, नाहीतर दोघीही येणार नाहीत. वैष्णवीचं तेच, मधल्या 'ष्ण'मुळे थोडंच सावरतं. जुळं यमक पाळण्यावर छान दिसतं, रोज हाका मारणाऱ्याला जाच होतो.

'ई' ठेवायची तर तिच्या आधीचं व्यंजन बदला आणि मधला स्वरही बदला. वैदेही (ऐ-ए-ई) वेगळं ऐकू येतं. वैजयंतीला चार अक्षरं आहेत, तेही वेगळंच वाजतं. वैखरीत स्वर पुन्हा ऐ-अ-ई, म्हणजे काठावर पास.

पाटी_पेन्सिल
वेदांती का काढावं ते मी सांगतो. शेवटी 'ई' आली की नाव मुलीचंच, असं नसतं. संस्कृतात '-इन्' असलेल्या शब्दांचं पुल्लिंगी रूपही ईकारान्त होतं : योगी, तपस्वी, यशस्वी, तेजस्वी, वेदांती. वेदांती म्हणजे वेदान्ताचा अनुयायी पुरुष. याची स्त्रीलिंगी रूपं '-इनी'ची : तेजस्विनी, यशस्विनी, तपस्विनी. आजकाल मुलींची 'आरोही', 'मनस्वी' सर्रास ठेवतात. कानाला गोड आहेत, रूढही झाली, पण व्याकरणाने ती पुल्लिंगीच. यशस्वी जैस्वाल क्रिकेट खेळतो तेव्हा कोणी गोंधळत नाही.

दुसऱ्या अक्षराचे लोकही इथे वाचत असतील, त्यांच्यासाठी : '-इनी' की '-इणी' हे कानावर सोडू नका. शब्दात आधी र, ऋ किंवा ष असेल आणि मध्ये फक्त स्वर, क-वर्ग, प-वर्ग, य, व, ह किंवा अनुस्वार असेल तर ण : रागिणी, रोहिणी, तरंगिणी. मध्ये दुसरं व्यंजन आलं की न राहतो : मृणालिनीत ल आडवा येतो, रजनीत ज. आपल्याकडे बोलताना ण चा न होतोच, म्हणून दाखल्यावर 'रागिनी' चढतं आणि मग तेच पुढे जातं.

आणि 'वै… णी' शोधताना कोणी वैतरणी सुचवली तर हात जोडा. ती यमलोकीची नदी.

अंबाझरी_तलाव
वडिलांच्या नावाचं कोणी बघितलं नाही. आपल्याकडे मुलीचं, वडिलांचं, आडनाव असा क्रम. शेवट 'ई' आणि पुढचं नाव 'ई'ने सुरू, म्हणजे दोन ई एकात एक मिसळतात आणि ऐकणाऱ्याला मधलं नाव अर्धंच कळतं. हे यादीतल्या पाचही नावांना लागू आहे. (मीरा अमोल, नूपुर राजेश अशा जोड्यांतही असंच होतं.) पण पूर्ण नाव मोठ्याने वाचलं जातं कितीदा? बक्षीस समारंभात, बोर्डाच्या यादीत. एवढ्यासाठी 'ई' सोडू नये. आडनावाशी जोडी मात्र रोजची. 'वी' नंतर 'व' आला की जीभ अडखळते, म्हणून वैभवी-वैष्णवी दोनदा बाद.

एक नाव यादीत नाही, आणि नागपुरात बसून ते सुचू नये हे नवलच : वैदर्भी. विदर्भाची राजकन्या. रुक्मिणीला म्हणतात, दमयंतीलाही म्हणतात. काव्यशास्त्रात वैदर्भी ही रीतीही आहे. शेवट 'भी', दोन्ही बाजूंनी मोकळा. अडचण 'र्भी'ची. र उशिरा येतो, तोवर पोरगी स्वतःला 'वैदभी' म्हणेल. फार बिघडत नाही.

संत्राबर्फी
वैदर्भीतही स्वर ऐ-अ-ईच आहेत, पण 'दर्' बंद अक्षर असल्याने ठेका बदलतो. चालेल. शेजार हिंदीभाषक असेल तर एक लक्षात घ्या : आपण 'वै' म्हणताना 'वइ' म्हणतो, हिंदीत तो 'है'मधल्या ऐसारखा सपाट निघतो. म्हणजे या अक्षराची सगळी नावं सुरुवातीला दोन तऱ्हेने ऐकू येणार. शेवटची ई मात्र दोन्हींकडे सारखीच.

धरमपेठवाला
वैभवी, वैष्णवी, वेदांती खोडली. वैखरी आईला आवडलंय, पण काठावरचं नको. वैदेही की वैदर्भी ते बारशापर्यंत ठरेल. नोंदणीचं काय, घाई आहे का?

पाटी_पेन्सिल
जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, दवाखान्यातला जन्म असेल तर दवाखानाच कळवतो. नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही. नोंदणीपासून १२ महिन्यांत फुकट घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणून घाईत अर्धवट नाव देऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा लागतो, त्यातली चूक सगळीकडे फिरते.

दाखला हातात येण्याआधी मसुद्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी वाचा. शेवटची ई इंग्रजीत एका आयने लिहायची की डबल ईने, हे आधी घरात ठरवा, कागदावर लिहून द्या, आणि आधारलाही तेच ठेवा. भैरवीच्या दाखल्यावर जे केलंय तेच धाकटीला. 'वैदर्भी' ठरलं तर इंग्रजी ओळीत बीनंतरचा एच गाळलेला नाही ना, तेवढं बोट ठेवून बघा.